पोस्टग्रेस शिकण्यासाठी पुस्तकांची निवड : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

९ जून २०२५

दूध संघाचा संकलनाचा हिशेब एक्सेलच्या फाइलींमधून काढून पोस्टग्रेस या डेटाबेस यंत्रणेवर नेण्यास मंजुरी मिळाली असून सर्व्हरवर १७ वी आवृत्ती बसवण्याचे ठरले आहे. काम सुरू होण्यापूर्वी संगणक विभागाने आणि हिशेब विभागातील दोघांनी डेटाबेसचा रीतसर अभ्यास करावा, त्यासाठी पुस्तके घ्यावीत आणि ती कोणती घ्यावीत हे मी सुचवावे, असे आजच्या बैठकीत ठरले. बैठकीत बहुतेकांची अपेक्षा एकाच जाड पुस्तकाची होती. ही अपेक्षा पूर्ण होणार नाही, हे मी तिथेच सांगितले. हिशेब विभागातील सहकाऱ्यांना एक्सेल उत्तम येते, परंतु टेबल आणि शीट यांतील फरक त्यांना कधी कोणी समजावून दिलेला नाही. विभागातील नव्या सहकाऱ्याची बीसीएची पदवी ताजी आहे आणि त्याला नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे माहितीची पुनरुक्ती टाळून टेबले पाडण्याच्या, व्याख्या तोंडपाठ आहेत, पण चालू सर्व्हरवर बॅकअप कसा घ्यायचा हे त्याने केलेले नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांचे नेमके याच्या उलट आहे.

त्यामुळे शोध तीन वेगळ्या विषयांत करावा लागेल: रिलेशनल, म्हणजे माहिती परस्परसंबंधित टेबलांत ठेवण्याच्या, पद्धतीची संकल्पना, डेटाबेसला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा, आणि पोस्टग्रेस ही प्रत्यक्ष यंत्रणा. हे विषय एकमेकांत मिसळले असले तरी त्यांवरची पुस्तके एकाच वेगाने जुनी होत नाहीत, आणि खरेदी करताना हाच फरक सर्वांत महत्त्वाचा ठरेल असे मला वाटते.

१३ जून २०२५

पुस्तकांची परीक्षणे वाचून निवड करण्याऐवजी आपल्याच कामातले प्रश्न घेऊन प्रत्येक पुस्तक तपासावे, असे ठरवले. परीक्षणांत ‘सोपे’, ‘सखोल’ असे शब्द असतात. ते कोणाला सोपे आणि कशापुरते सखोल, हे कळत नाही. आज असे दोन प्रश्न तयार केले.

पहिला प्रश्न दूध न घातलेल्या सभासदांचा आहे. एखाद्या दिवशी कोणत्या सभासदांचे दूध आले नाही, हे शोधताना नवशिका माणूस साहजिकच सभासदांच्या यादीतून ‘नॉट इन’ वापरून त्या दिवशीच्या संकलनातील सभासद क्रमांक वगळतो. आपल्या काही केंद्रांवर सभासद नसलेल्या उत्पादकाचे दूध घेतले, तर सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवण्याची पद्धत आहे. त्या दिवसाच्या नोंदींत अशी एक जरी ओळ असली, तरी उत्तरात एकही सभासद येत नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. रिकाम्या किमतीशी, म्हणजे नलशी, केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते, ती ‘अज्ञात’ असते. ‘यांपैकी कोणताच नाही’ ही अट मग कोणत्याच ओळीबाबत खरी ठरत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरले की प्रश्न सुटतो. नल म्हणजे शून्य नव्हे हे बहुतेक सर्व पुस्तके सांगतात. ही पुढची पायरी किती पुस्तके समजावतात, ते पाहायचे आहे.

दुसरा प्रश्न दर दहा दिवसांच्या बिलाचा आहे. संकलनाची वेळ तारखेसह नोंदवली असेल आणि बिल काढताना १ तारखेपासून १० तारखेपर्यंत ‘बिट्वीन’ लावले, तर १० तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे दिवसाची सुरुवात, असा अर्थ घेतला जातो. परिणामी १० तारखेचे सकाळचे आणि संध्याकाळचे, दोन्ही वेळचे दूध बिलातून गळते. १ तारीख धरून ११ तारखेच्या आत, अशी अट लिहिणे हाच बिनचूक मार्ग आहे. हा प्रश्न सोडवून दाखवणारे पुस्तक हिशेब विभागाच्या हाती निर्धास्तपणे देता येईल.

१९ जून २०२५

संकल्पनेच्या पुस्तकांचा दिवस. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल प्रारूप मांडणारा लेख १९७० साली प्रसिद्ध केला आणि आजही टेबल, ‘की’ (ओळ ओळखणारा रकाना) आणि त्यांवरील क्रिया यांमागचा पाया तोच आहे. म्हणून या गटातील पुस्तक वीस वर्षांपूर्वीचे असले तरी बिघडत नाही.

सी. जे. डेट यांच्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टम्स’ची पहिली आवृत्ती १९७५ ची असून सध्या मिळते ती आठवी. पुरवठादार, सुटे भाग आणि त्यांची पाठवणी या छोट्या उदाहरणावर त्यांनी सारा विषय उभा केला आहे. डेट यांचा नलला कडाडून विरोध आहे आणि एसक्यूएलने रिलेशनल प्रारूपाशी प्रामाणिकपणा राखला नाही, हे ते वारंवार बजावतात. वाचताना विचार लख्ख होतो हे खरे. परंतु ज्याला पुढच्या महिन्यात एसक्यूएल लिहायचे आहे त्याला त्याच भाषेवरची टीका आधी वाचायला लावणे मला योग्य वाटत नाही. हे पुस्तक वर्षभर काम केल्यावर हाती घ्यावे.

सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स’ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘कॉर्थ’ या नावाने माहीत आहे. त्याचे तिसरे लेखक एस. सुदर्शन हे पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक. विद्यापीठातील विद्यार्थी, अध्यापक, विभाग आणि अभ्यासक्रम यांच्या टेबलांवर उदाहरणे बेतलेली असल्याने कोणत्याही भारतीय वाचकाला ती लगेच उमगतात. सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. बीसीए झालेल्या सहकाऱ्याने हे परीक्षेपुरते वाचले आहे. आता ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून एकच मानले जाणारे बदल) आणि समवर्ती वापर (एकाच वेळी अनेकांनी केलेला वापर) यांवरची प्रकरणे त्याने कामासाठी पुन्हा वाचावीत, असे सुचवणार आहे.

रमेझ एल्मासरी आणि शामकांत नवाथे यांचे ‘फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टम्स’ही याच तोलाचे. ईआर आकृती, म्हणजे घटक आणि त्यांच्यातील संबंध दाखवणारी आकृती, काढून तिच्यावरून टेबले कशी बनवायची, हा भाग त्यात फार बारकाईने हाताळला आहे. सभासद, केंद्र, संकलन, दरपत्रक आणि कपाती यांची आकृती आपल्याला काढायचीच आहे, आणि दरपत्रक हे गाय व म्हैस, फॅट व एसएनएफ (फॅट वगळून उरणारे घन घटक) यांवर अवलंबून असून शिवाय ठराविक तारखेपासून बदलते, त्यामुळे ती वाटते तितकी सोपी नाही. कॉर्थ आधीच विभागात असल्याने खरेदीच्या यादीत हे घेतले.

२६ जून २०२५

एसक्यूएल शिकवणारी पुस्तके पाहिली. ॲलन बोल्यू यांचे ‘लर्निंग एसक्यूएल’ नीटनेटके आहे, मात्र उदाहरणे मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस यंत्रणेची आणि सकिला या चित्रपट भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या डेटाबेसवरची. जाणत्याला यात अडचण येणार नाही. नवशिक्याला आपली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चुकली की यंत्रणा वेगळी आहे, हे ओळखता येत नाही.

अँथनी डीबॅरोस यांच्या ‘प्रॅक्टिकल एसक्यूएल’मध्ये सुरुवातीपासून पोस्टग्रेस आहे. लेखक पत्रकारितेतून आलेले असल्यामुळे सीएसव्ही फाइल आत घेणे, तिच्यातील विसंगती शोधणे, एकाच गावाची वेगवेगळी स्पेलिंगे एकसारखी करणे, ही कामे त्यांनी आवडीने शिकवली आहेत. आपल्या एक्सेलच्या फाइलींना सर्वांत आधी हेच करावे लागणार आहे. उदाहरणांत अमेरिकेच्या जनगणनेची माहिती आहे, तिच्याशी आपले काही देणेघेणे नाही. तेवढ्याकरता पुस्तक नाकारण्याचे कारण दिसत नाही. २०२२ ची दुसरी आवृत्तीच घ्यायची. हिशेब विभागासाठी हेच पुस्तक, असा माझा कौल.

जोडीला बिल कार्विन यांचे ‘एसक्यूएल अँटिपॅटर्न्स’. हे शिकवणारे नव्हे, चुका दाखवणारे पुस्तक आहे. एकाच कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन अनेक क्रमांक भरण्याची सवय, पैशांसाठी फ्लोट हा अंदाजे किंमत साठवणारा प्रकार वापरणे, नलची भीती, प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण. आपल्या सध्याच्या शीटमध्ये कपातींचा रकाना ‘पशुखाद्य, उचल, विमा’ असाच एकत्र भरलेला आहे, तेव्हा पहिले प्रकरण जणू आपल्यासाठीच लिहिले आहे.

४ जुलै २०२५

आज सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी स्वतःजवळची पोस्टग्रेसची जुनी पुस्तके आणून दिली. ती फुकट आहेत म्हणून चालवून घ्यावीत का, असा त्यांचा प्रश्न होता. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. या हिशेबाने यंत्रणेवरच्या पुस्तकाचे आयुष्यही साधारण तेवढेच असते. प्रकाशनवर्ष पाहून अंदाज येतोच, पण पुस्तक चाळताना काही खुणा चटकन सापडतात, त्या इथे नोंदवून ठेवतो.

आपोआप वाढणाऱ्या क्रमांकासाठी पुस्तक केवळ ‘सीरियल’ सांगत असेल आणि ‘आयडेंटिटी’ कॉलमचा उल्लेखच नसेल, तर ते २०१७ मधील १० व्या आवृत्तीच्या आधीचे समजावे. टेबलचे महिनावार भाग पाडण्यासाठी इनहेरिटन्स (एका टेबलवरून दुसरे बेतणे) आणि ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) यांची जुळणी शिकवलेली असेल तरीही तेच. पार्टिशनची थेट सोय १० मध्येच आली. क्वेरीच्या आत ‘विथ’ने लिहिलेला भाग नेहमी वेगळा काढून चालवला जातो, म्हणून तो टाळा, असा सल्ला असेल तर तो २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून लागू राहिलेला नाही. बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करताना ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ ही फाइल लिहायला सांगितली असेल, तर मात्र ते प्रकरण वाचूच नये: १२ पासून ही फाइल दिसली की सर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो, आणि बॅकअप परत आणण्याची वेळ ही प्रयोग करण्याची वेळ नव्हे.

नवशिक्याला सर्वाधिक छळणारी खूण वेगळीच आहे. १५ व्या आवृत्तीपासून साध्या युजरला ‘पब्लिक’ स्कीमामध्ये, म्हणजे टेबलांच्या सामाईक कप्प्यामध्ये, टेबल तयार करण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. त्यामुळे जुन्या पुस्तकातील अगदी पहिला सराव जसाच्या तसा टाइप केला, तरी ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते आणि शिकणारा पहिल्याच पानावर अडतो.

या खुणा लावून पाहता, ब्रूस मोमजियन यांचे २००१ चे ‘पोस्टग्रेसक्यूएल: इंट्रोडक्शन अँड कन्सेप्ट्स’ आज इतिहास म्हणून वाचावे; ते लिहिले गेले तेव्हा स्कीमाची सोयही नव्हती. ओबे आणि शू यांचे ‘पोस्टग्रेसक्यूएल: अप अँड रनिंग’ अनुभवी माणसाला झटपट ओळख करून देणारे चांगले पुस्तक आहे, पण त्याची तिसरी आवृत्ती २०१७ ची, म्हणजे १० व्या आवृत्तीच्या उंबरठ्यावरची. आपली प्रत त्याहून जुनी निघाली. दोन्ही पुस्तके आभारपूर्वक परत केली.

१५ जुलै २०२५

पूर्णांकनाचा प्रश्न हिशेब विभागाने उपस्थित केला आणि तो पुस्तकांच्या चाचणीत घेतला. लिटर आणि दर यांचा गुणाकार करून रक्कम पैशांपर्यंत आणताना नेमका अर्धा पैसा आला, तर काय होते? पोस्टग्रेसमध्ये ‘न्यूमरिक’ या नेमक्या दशांशांच्या प्रकारातील अर्धा नेहमी शून्यापासून दूर, म्हणजे अडीचचे तीन असा जातो. ‘डबल प्रिसिजन’ या फ्लोट प्रकारात तो बहुतेक संगणकांवर जवळच्या सम संख्येकडे, म्हणजे अडीचचे दोन असा जातो. शिवाय दशांशाची किती स्थळे ठेवायची हे सांगण्याची सोय फक्त न्यूमरिकमध्येच आहे. कार्विन यांनी फ्लोटचा धोका सांगितला आहे, पण तो पूर्णांकनाच्या या फरकाचा नव्हे. स्पष्ट उत्तर मिळाले ते पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात, गणिती फंक्शनांच्या टेबलमध्ये. ‘नॉट इन’चा सापळाही तिथेच सबक्वेरीच्या प्रकरणात एका वाक्यात दिलेला आहे.

हा दस्तऐवज मोफत मिळतो, प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र असतो आणि एकाच पानावरून त्याच विषयाच्या इतर आवृत्त्यांतील पानांवर जाता येते. छापला तर अडीच हजारांहून अधिक पाने होतील. त्याच्या आरंभीच्या पाठात शहरांच्या हवामानाच्या छोट्या टेबलपासून सुरुवात होऊन जॉइनपासून, म्हणजे टेबले जोडण्यापासून, ट्रान्झॅक्शनपर्यंतचा प्रवास होतो, तेवढा भाग सर्वांनी वाचणे शक्य आहे आणि आवश्यकही. बाकीचा दस्तऐवज सलग वाचण्यासाठी लिहिलेलाच नाही. कशाविषयी काय विचारायचे हे आधी माहीत असलेल्याला तो उत्तर देतो, आणि ते ‘आधी’चे ज्ञान देण्यासाठीच पुस्तके लागतात. यापुढे पुस्तक आणि दस्तऐवज यांत विसंगती आढळली, तर १७ व्या आवृत्तीचा दस्तऐवज प्रमाण मानावा.

२४ जुलै २०२५

मराठी नावांच्या याद्यांबाबत पाहिलेल्या पुस्तकांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

‘कऱ्हाड’ या गावाचे दोन सभासद शोधले तर एकच सापडतो, अशी तक्रार चाचणी-माहिती भरताना आली. दोन्ही नोंदी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसत होत्या. अक्षरांची लांबी विचारल्यावर एकीला सहा आणि दुसरीला सात असे उत्तर आले. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते आणि साध्या ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही लिहिता येते, कोणत्या कीबोर्डवरून टाइप केले यावर ते ठरते. पोस्टग्रेस नेहमीच्या कोलेशनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुलनेच्या आणि क्रमाच्या नियमांत, बाइट जुळल्याशिवाय दोन शब्द समान मानत नाही. १३ व्या आवृत्तीपासून असलेल्या ‘नॉर्मलाइझ’ या फंक्शनने माहिती आत घेतानाच एकरूप केली, की हा घोळ संपतो. गोऱ्हे, पऱ्हाड अशी आडनावे आपल्या यादीत पुष्कळ असल्याने ही पायरी ऐच्छिक ठेवता येणार नाही.

क्रमवारीचेही तसेच. नुसत्या बाइटक्रमाने यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि काळे हे कावळे आणि काशीद यांच्या आधी बसतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर असल्याने छापील यादीत कावळे, काशीद, काळे असाच क्रम अपेक्षित असतो, आणि सभासद यादीत आपले नाव त्याच जागी शोधतात. नावांच्या कॉलमला आयसीयू या भाषांच्या नियमांच्या लायब्ररीचे मराठी कोलेशन द्यायचे ठरले. या दोन बाबींचे दोन पानी टिपण मी स्वतः तयार करून पुस्तकांच्या संचात ठेवणार आहे. विकत मिळत नाही ते लिहावेच लागते.

६ ऑगस्ट २०२५

यंत्रणेच्या आतल्या कारभारावरची दोन पुस्तके निश्चित केली.

मार्कुस विनांड यांचे ‘एसक्यूएल परफॉर्मन्स एक्सप्लेन्ड’ २०१२ चे आहे, तरीही ते घेण्यात मला संकोच वाटत नाही. पुस्तक लहान आहे आणि जवळजवळ पूर्णपणे एकाच विषयावर, बी-ट्री इंडेक्सवर, म्हणजे शोध जलद करणाऱ्या क्रमवार सूचीवर, आहे. तो विषय आवृत्तीगणिक बदलत नाही. अनेक कॉलमांच्या इंडेक्समध्ये कॉलमांचा क्रम का महत्त्वाचा, हे त्यात इतके स्वच्छ सांगितले आहे की आज दुपारी नव्या सहकाऱ्याने केंद्र आणि तारीख या क्रमाने इंडेक्स बनवून, मग फक्त तारखेवरून शोध घेऊन, क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली हे दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’चे उत्तर मला स्वतः समजावून दिले. मजकूर लेखकाने मोफतही वाचायला ठेवला आहे. छापील प्रत मात्र घ्यावी.

एगोर रोगोव यांचे ‘पोस्टग्रेसक्यूएल १४ इंटर्नल्स’ अधिकृतपणे मोफत पीडीएफमध्ये मिळते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ जागच्या जागी पुसली जात नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी कालांतराने व्हॅक्युम साफ करतो. हे काम आपोआप करणाऱ्या ऑटोव्हॅक्युमची मूळ मांडणी अशी की टेबलमधील सुमारे वीस टक्के ओळी आणि वर पन्नास इतक्या मृत ओळी झाल्याशिवाय तो त्या टेबलकडे वळत नाही. आपले संकलनाचे टेबल वर्षभरात मोठे होईल, तेव्हा हे वीस टक्केही मोठे असतील, आणि मोठ्या टेबलसाठी हे प्रमाण का व कसे उतरवायचे, हे समजण्यासाठी असे पुस्तक लागते. बिल निघत असतानाच एखाद्या केंद्राने उशिराची नोंद पाठवली तर दोन क्वेऱ्यांना दोन वेगळी चित्रे का दिसतात, आणि ट्रान्झॅक्शनांच्या अलगपणाची ‘रीड कमिटेड’ऐवजी ‘रिपीटेबल रीड’ ही पातळी निवडल्यावर ती एकच का होतात, हा भागही त्यात चांगला उतरला आहे. नवशिक्याच्या हाती मात्र हे पुस्तक देऊ नये, तो घाबरून जाईल.

२२ ऑगस्ट २०२५

खरेदीची मागणी दिली: डीबॅरोस हिशेब विभागासाठी दोन प्रती, कार्विन, एल्मासरी-नवाथे आणि विनांड प्रत्येकी एक. रोगोव यांची पीडीएफ सर्व्हरवर ठेवली. मोबाइलवर फिरणाऱ्या इतर पुस्तकांच्या पीडीएफ संचात घेतलेल्या नाहीत; त्या बहुधा जुन्या आवृत्तीच्या असतात आणि हक्काचा प्रश्न तर आहेच. नुसत्या पुस्तकांनी भागणार नाही, म्हणून दर शनिवारी एक प्रकरण वाचून त्यातील क्वेरी संकलनाच्या टेबलवर चालवून दाखवायची, असे ठरले आहे.

२९ सप्टेंबर २०२५

पोस्टग्रेसची १८ वी आवृत्ती २५ सप्टेंबरला प्रसिद्ध झाली. आपण १७ वरच राहणार आहोत, तरी घेतलेल्या पुस्तकांवर तिचा कितपत परिणाम होतो हे पाहण्यासाठी तिच्या नोंदी वाचल्या. ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ आता बफरांची, म्हणजे मेमरीतील पानांच्या वापराची, माहिती न मागता दाखवतो, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील नमुन्यांपेक्षा उत्तर लांब दिसेल. एवढ्याने वाचणाऱ्याचे काही अडत नाही. एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड कालबाह्य ठरवल्याचा इशारा येऊ लागला आहे. आपण आधीपासून स्क्रॅम ही नवी पद्धत वापरतो.

लक्ष देण्याजोगा बदल बी-ट्रीचा आहे. १८ मध्ये स्किप स्कॅन आल्यामुळे अनेक कॉलमांच्या इंडेक्समधील पहिल्या कॉलमवर अट नसली, तरी त्या कॉलममध्ये मोजक्याच वेगळ्या किमती असतील तर इंडेक्सचा उपयोग होऊ शकतो. केंद्र आणि तारीख हा आपला इंडेक्स नेमका असा आहे, कारण केंद्रे थोडी आणि तारखा पुष्कळ आहेत. सभासद क्रमांक आधी ठेवलेल्या इंडेक्सला मात्र यातून फारसे काही मिळणार नाही. विनांड यांच्या पुस्तकातील कॉलमांच्या क्रमाच्या प्रकरणाला या आशयाची चिठ्ठी जोडली असून, १८ वर जाण्याचा विचार सुरू होईल तेव्हा ऑगस्टमधील तोच प्रयोग चाचणी सर्व्हरवर पुन्हा करण्याचे काम नव्या सहकाऱ्याकडे दिले आहे.